गोष्टीवर विश्वास ठेवणारे गिजुभाई

वकिलीसारखा चालता व्यवसाय सोडून लहान मुलांना गोष्टी सांगत बसणारा माणूस व्यवहारी जगाच्या लेखी वेडाच ठरतो. गिरिजाशंकर भगवानजी बधेका, म्हणजेच साऱ्या गुजरातचे गिजुभाई, यांनी १९१६ साली हे वेड पत्करले आणि पुढील २३ वर्षे निष्ठेने जोपासले. शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. परंतु त्यांनी शिक्षकाकडून काय मागितले आणि शिक्षकासाठी काय मागितले, या दोहोंचा विचार एकत्र क्वचितच होतो. वर्गात वाचनाची गोडी का लागत नाही आणि मुलांची कल्पकता चौथी-पाचवीपर्यंत का सुकून जाते, या प्रश्नांचे उत्तर मात्र त्या दोन मागण्यांच्या सांध्यातच सापडते.

गिजुभाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८८५ रोजी सौराष्ट्रातील चितळ या गावी झाला. तरुणपणी, १९०७ मध्ये, ते पूर्व आफ्रिकेत गेले आणि दोन वर्षांनी परतले. त्यानंतर मुंबईस कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वढवाण येथे वकिली आरंभली. १९१३ मध्ये त्यांना पुत्र झाला आणि या मुलाला कोणत्या शाळेत घालावे, हा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहिला. हा प्रश्न हजारो बापांना पडतो आणि बरे-वाईट जे जवळ असेल त्यावर समाधान मानून ते मोकळे होतात. गिजुभाईंना तसे करवले नाही. धाक, पाठांतर आणि छडी यांवर चाललेल्या त्या काळच्या शाळेत आपले मूल पाठवण्याची कल्पनाच त्यांना असह्य झाली. चरोतरातील वसो या गावी मोतीभाई अमीन यांच्याकडून त्यांना मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीचा परिचय करून देणारे पुस्तक मिळाले. बडोदे संस्थानातील ग्रंथालय-चळवळीचे अध्वर्यू म्हणून मोतीभाईंचे नाव घेतले जाते. खेडोपाडी पुस्तके पोचवणाऱ्या माणसाच्या हातून मिळालेल्या एका पुस्तकाने एका वकिलाचे आयुष्य पालटावे, हा योगायोग अर्थपूर्ण म्हटला पाहिजे.

भावनगरात नानाभाई भट्ट यांनी १९१० मध्ये श्रीदक्षिणामूर्ती ही संस्था विद्यार्थिगृहाच्या रूपाने सुरू केली होती. गिजुभाई १९१६ मध्ये तिच्यात दाखल झाले. प्रथम त्यांच्याकडे मोठ्या मुलांचे काम होते. परंतु थोड्याच वर्षांत त्यांच्या ध्यानी आले की, माध्यमिक शाळेत येईपर्यंत मुलाच्या मनाची घडण बरीचशी होऊन गेलेली असते. मुळाशी हात घालायचा तर त्याआधीच घातला पाहिजे. त्यातून १९२० मध्ये अडीच ते सहा वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर निघाले आणि पुढे ते तख्तेश्वराजवळच्या टेकडीवर स्वतःच्या वास्तूत गेले. मुले तेथे शिक्षा किंवा बक्षीस या दोहोंवाचून शिकू लागली. मोठ्या मिशांच्या या माणसाला लोकांनी कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, हे नाव दिले. ते नाव गुजरातच्या स्मरणात अद्याप टिकून आहे.

गिजुभाईंनी माँटेसरींचे ऋण कधी लपवले नाही. तथापि ते अंध अनुयायी नव्हते. लहान मुलाला प्रत्यक्ष सृष्टीची ओळख आधी व्हावी, अद्भुताच्या कथांनी त्याचे मन गोंधळू नये, असे माँटेसरींचे मत होते. गिजुभाईंनी या बाबतीत आपली वाट वेगळी धरली. ज्या देशात आजीच्या मांडीवर बसून मूल भाषा शिकते, त्या देशात गोष्ट दाराबाहेर ठेवून बालशिक्षण उभे राहणार नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी काठेवाडातील लोककथा गोळा केल्या, त्या मुलांना सांगून पाहिल्या आणि मुलांच्या कानाला रुचेल अशा भाषेत लिहून काढल्या. त्यांतील आनंदी कावळ्याची गोष्ट गुजरातेत घरोघरी ठाऊक आहे. राजा त्या कावळ्याला शिक्षा म्हणून कधी चिखलात टाकवतो, कधी विहिरीत, कधी काट्यांत; आणि कावळा प्रत्येक ठिकाणी काही तरी नवे शिकल्याचा आनंद गाऊन दाखवतो. अखेर राजाच थकतो आणि कावळ्याला सोडून देतो. या गोष्टीच्या शेवटी तात्पर्य जोडण्याची गिजुभाईंना गरज भासली नाही. ऐकणारे मूल मनातल्या मनात कावळा होते, एवढे त्यांना पुरेसे होते.

गोष्टीसंबंधीचा त्यांचा विचार हौशी स्वरूपाचा नव्हता. १९२५ च्या सुमारास त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ हा ग्रंथ लिहिला. गोष्ट कशी निवडावी, कोणत्या वयाला कोणती साजेल, ती कशी सांगावी, या साऱ्यांचा त्यात बारकाईने विचार आहे. गोष्टीचे पहिले प्रयोजन आनंद होय, ही त्याची बैठक. भाषा, स्मरण, कल्पना, नीती हे सर्व लाभ मागाहून येतात, आणि आनंद हिरावून घेतला तर त्यांतला एकही पदरी पडत नाही. शिक्षकाकडून गिजुभाईंची पहिली मागणी हीच होती की, त्याने मुलाला गोष्ट द्यावी आणि तिची वसुली करू नये. गोष्ट संपताच पाच प्रश्न विचारणारा, सारांश लिहवून घेणारा, बोध फळ्यावर लिहून देणारा शिक्षक सद्‍हेतूनेच हे करत असतो. पण मूल त्यातून एवढेच शिकते की, पुढे द्यायच्या परीक्षेची ही केवळ प्रस्तावना होती. अशा मुलाच्या हातात पुढे पुस्तक दिले तर ते शेवटच्या पानावरील स्वाध्याय आधी पाहते, यात नवल कसले?

आपल्या एका संस्थेपुरते हे राहून चालणार नाही, याची जाणीव असल्यामुळेच १९२५ मध्ये गिजुभाईंनी शिक्षक घडवण्यासाठी अध्यापन मंदिर काढले. याच सुमारास मराठी वाचकांना जवळच्या असलेल्या ताराबाई मोडक भावनगरात त्यांच्या सहकारी झाल्या होत्या. दोघांनी मिळून शिक्षकांसाठी व पालकांसाठी ‘शिक्षण पत्रिका’ चालवली, मुलांसाठी छोट्या पुस्तकांची माला संपादित केली आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मुलांच्या हाती द्यायला पुस्तकेच नसतील तर वाचनाची गोडी लागणार कशी, हा साधा हिशेब त्यामागे होता. गिजुभाईंच्या नावावर लहानमोठी शंभराहून अधिक पुस्तके आहेत. गुजराती साहित्यातील प्रतिष्ठेच्या रणजितराम सुवर्णचंद्रकाचे पहिले मानकरी झवेरचंद मेघाणी. त्यांच्या पाठोपाठ १९२९ सालचे मानकरी गिजुभाई ठरले. बालसाहित्याला साहित्याच्या पंगतीत असे पान मांडले जाणे, ही त्या काळी लहान घटना नव्हती.

त्यांच्या लेखनात शिक्षकाला सर्वांत जवळचे वाटावे असे पुस्तक म्हणजे १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत प्रसिद्ध झालेले ‘दिवास्वप्न’. ही एका काल्पनिक शिक्षकाची कहाणी आहे. तो शिक्षणाधिकाऱ्याकडे जाऊन प्रयोगासाठी सामान्य प्राथमिक शाळेतील एक वर्ग मागतो आणि त्याला एका वर्षासाठी चौथीचा वर्ग मिळतो. अट एवढीच की, अभ्यासक्रम सुटता कामा नये आणि वर्षाअखेर परीक्षा चुकणार नाही. पहिल्याच दिवशी त्याची फजिती होते. बालशिक्षणाच्या ग्रंथांतला शांततेचा खेळ तो वर्गात करू पाहतो आणि मुले वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. मग तोच वर्ग निश्चल होतो. गोष्ट दिवसामागून दिवस चालते, मुले शाळा सुटल्यावरही हलत नाहीत, आणि इतर शिक्षक मात्र हा गृहस्थ शिकवतो तरी केव्हा, असे एकमेकांना विचारू लागतात.

या पुस्तकातील पुढचा भाग आजच्या शिक्षकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. गोष्टीची तहान लागलेल्या मुलांना तो शिक्षक वाचनाकडे वळवतो ते उपदेशाने नव्हे. पाठ्यपुस्तकासाठी घरून मिळालेले पैसे मुलांनी एकत्र करावेत, असे तो सुचवतो आणि त्या पैशांतून गोष्टींची निरनिराळी पुस्तके आणतो. पालक कुरकुरतात, पण वर्गाचे ग्रंथालय उभे राहते. एकाच पुस्तकाच्या तीस-चाळीस प्रतींऐवजी वर्गात तितकी वेगवेगळी पुस्तके येतात आणि मुले ती आपापल्या गतीने वाचू लागतात. ऐकलेल्या गोष्टींचे नाटक होते. त्याला ना पडदा, ना घोकलेली भाषणे. मुले ऐन वेळी सुचेल ते बोलतात आणि त्यांची भाषा त्यातूनच सैल होते. व्याकरणातील नाम आणि विशेषणसुद्धा खेळाच्या वाटेने येतात. वर्षाअखेर परीक्षाही होते आणि त्या कसोटीला वर्ग उतरतो. कल्पकता हा शिकवण्याचा स्वतंत्र विषय नसून भीती उठल्यावर आपोआप दिसू लागणारी गोष्ट आहे, हा या कथेचा गाभा होय.

यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो. हे सारे अखेर दिवास्वप्नच. लेखकाने वर्ग कल्पिला आणि यशही कल्पिले. ज्या शिक्षकापुढे साठ मुले आहेत, किंवा एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता आहेत, त्याने काय करावे? आक्षेपात तथ्य आहे. परंतु या स्वप्नामागे बालमंदिरातील अनेक वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव उभा होता, हे विसरता येत नाही. शिवाय गिजुभाईंनी आपल्या नायकाला सुखसोयींची शाळा दिलेली नाही. साधी शाळा, मळक्या टोप्या घालून येणारी मुले, नाराज मुख्याध्यापक आणि चुकवता न येणारी परीक्षा यांतच त्याला उभे केले आहे. गोष्ट वीस मुलांना सांगता येते तशी साठांनाही सांगता येते. दोन इयत्तांचा भेद तर ती सर्वांत आधी पुसून टाकते.

या पुस्तकातील सर्वांत दुर्मिळ पात्र शिक्षकाचे नाहीच. ते त्या शिक्षणाधिकाऱ्याचे आहे. तो शंका घेतो, चौकशी करतो, कधी अस्वस्थ होतो, पण दिलेला शब्द वर्षभर पाळतो. गिजुभाईंची दुसरी मागणी येथे दिसते, आणि ती शिक्षकासाठी आहे. मुलाला मोकळीक द्यायची तर शिक्षकाच्या गळ्यातील दोरीही सैल करावी लागते. ज्याच्यावर कोणी विश्वास टाकत नाही, तो आपल्या विद्यार्थ्यांवर विश्वास टाकू शकत नाही.

गिजुभाई १९३६ मध्ये दक्षिणामूर्तीतून बाहेर पडले. २३ जून १९३९ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्यांच्या विचारांनी त्यांचे आयुष्य पालटले त्या मारिया माँटेसरी त्याच वर्षाच्या अखेरीस भारतात आल्या. दोघांची भेट झाली नाही. मात्र त्यांचे काम भावनगरात थांबले नाही. ताराबाईंनी १९३३ मध्ये ‘शिक्षण पत्रिका’ मराठीत आणली, १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले, आणि १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह हाच विचार खेड्यांतील आणि आदिवासी पाड्यांतील मुलांपर्यंत नेला. झाडाखाली, अंगणात भरणारी अंगणवाडी ही कल्पना त्यातूनच फुलली. महाराष्ट्राला गिजुभाई परके नाहीत ते यामुळे.

बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे आणि त्यात गोष्टींची पुस्तकेही असावीत, असे परिशिष्टात स्पष्ट नमूद केले आहे. गिजुभाईंच्या नायकाने मुलांकडून पैसे गोळा करून जे मिळवले, ते आज कायद्याने देऊ केले आहे. असे असूनही अनेक शाळांतील पुस्तके कुलूपबंद कपाटात राहतात. त्याचा सारा दोष शिक्षकाच्या आळसावर टाकणे अन्यायाचे होईल. साठ्याच्या नोंदवहीतले पुस्तक हरवले तर जाब कोणी द्यायचा, फाटले तर भरपाई कोणी करायची, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते. पुस्तक वापरले गेले म्हणजे फाटणारच. न फाटलेले पुस्तक ही शाळेची अब्रू नव्हे, उणीव आहे. वाचून जीर्ण झालेल्या पुस्तकांच्या निर्लेखनाचा अधिकार मुख्याध्यापकाला निःशंकपणे वापरता यावा आणि दिवसातील एक तासिका कोणत्याही अहवालाविना, प्रश्नपत्रिकेविना गोष्टीसाठी व स्वेच्छावाचनासाठी मोकळी राहावी, एवढे झाले तरी पुष्कळ होईल. वाचनप्रेरणेचे दिवस साजरे करून त्यांची छायाचित्रे वर पाठवण्यापेक्षा हे अधिक कठीण आहे. कारण त्यात दाखवण्यासारखे लगेच काही हाती येत नाही.

गिजुभाईंनी या अदृश्य फळाची वाट पाहण्याचे धैर्य दाखवले. एका मुलाच्या शाळेचा प्रश्न त्यांनी साऱ्या मुलांचा केला आणि त्याचे उत्तर शोधताना शिक्षकाला माणूस म्हणून उभे केले. त्यांच्या नावाने होणाऱ्या भाषणांपेक्षा त्या कपाटाची किल्ली वर्गातल्या एखाद्या मुलाच्या हाती गेली, तर ते स्मारक अधिक खरे ठरेल.