सर विश्वेश्वरय्या आणि आपले हैदराबाद

मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचा जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. १८८३ साली पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते मुंबई इलाख्याच्या सेवेत रुजू झाले. खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे त्यांचेच.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीच्या पुरात हैदराबादेत हजारो माणसे दगावली. निजाम सरकारच्या बोलावण्यावरून १९०९ मध्ये विश्वेश्वरय्या आले. त्यांनी पावसाचा आणि पाणलोटाचा हिशोब मांडला. वरच्या अंगाचे दोनशेहून अधिक तलाव फुटले होते. पाणी शहरात शिरण्याआधीच अडवावे आणि पुरासाठी तलावात जागा मोकळी राखावी, असा त्यांचा निष्कर्ष होता. शहरासाठी त्यांनी भुयारी गटारांची योजनाही दिली. त्यांच्या शिफारशींतून उस्मानसागर (१९२०) आणि हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. १९६२ साली ते निवर्तले.

पुढे १९९६ च्या शासन आदेश १११ ने या दोन्ही तलावांभोवती १० किलोमीटरपर्यंत बांधकामावर निर्बंध आले. आज शहर तिथवर पोहोचले आहे. बांधकामाचे नियम बदलताना इमारतीइतकीच पावसाच्या पाण्याचीही जागा धरली पाहिजे. आपणही अंगणात फरशी घालताना थोडी माती उघडी ठेवावी.