सायकलपासून नांगरापर्यंत

उमापूरसारख्या (ता. गेवराई, जि. बीड) गावांच्या खडीच्या वा डांबरी रस्त्यांवर सायकल आज कोणालाच नवलाची वाटत नाही. ती नवलाची होती त्या काळी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी आपल्या उद्योगाचा आरंभ सायकलींनी केला.

२० जून १८६९ रोजी गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस गेले. रंगांधळेपणामुळे तो मार्ग सोडून ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. मुंबईत पाहिलेल्या सायकलीने त्यांना भुरळ घातली. १८८८ मध्ये बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. तेथे १५ रुपये घेऊन सायकल चालवायलाही शिकवले जाई.

पुढे नोकरीत बढती डावलली गेल्याने राजीनामा देऊन ते बेळगावास परतले. कडबा कापण्याच्या यंत्रामागोमाग त्यांनी लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी तो घेईनात. लक्ष्मणराव मात्र डगमगले नाहीत. १९१० मध्ये औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. नवी वस्तू विकण्याआधी तिच्याविषयीची भीती घालवावी लागते, हेच सायकल आणि नांगर या दोहोंची कहाणी सांगते.