संगमनेरचा शाहीर अनंत फंदी

अनंत फंदीचा फटका ठाऊक नाही असा मराठी शाळेत शिकलेला माणूस विरळाच. संसारात कसे वागावे हे ठणकावून सांगणारा उपदेशक म्हणूनच पाठ्यपुस्तकांनी त्याला आपल्यापुढे उभे केले. मात्र हा उपदेशक आयुष्याच्या ऐन उमेदीत डफ घेऊन गावोगाव हिंडणारा तमासगीर होता, आणि त्याच्या जीवनाला जे वळण लागले ते नर्मदाकाठी, होळकरांच्या महेश्वरी, ही गोष्ट माळव्यातल्या मराठी वाचकाने तरी विसरू नये.

अनंताचा जन्म १७४४ सालचा, प्रवरेकाठच्या संगमनेरचा. घराणे यजुर्वेदी ब्राह्मणाचे, आडनाव घोलप. ‘फंदी’ हे नाव त्याला संगतीने चिकटले. संगमनेरात मलिक फंदी नावाचा एक फकीर राहत असे. तऱ्हेवाईक वागणुकीमुळे लोक त्याला फंदी म्हणत. त्याच्याशी अनंताचा इतका घरोबा जडला की लोकांनी तेच नाव अनंतालाही बहाल केले. ब्राह्मणाच्या पोराने फकिराचे नाव आयुष्यभर मिरवावे आणि त्याच नावाने कीर्तीस चढावे, हे त्या काळच्या गावगाड्याचे एक लोभस चित्र आहे.

उत्तर पेशवाईतील फडाचे जिणे सुखाचे नव्हते. पावसाळा सरून वाटा मोकळ्या झाल्या की मंडळी बाहेर पडत. आज जत्रा, उद्या उरूस, परवा एखाद्या सरदाराचा वाडा. डफ, तुणतुणे आणि झांज एवढेच वाद्यांचे भांडवल. दिवट्यांच्या उजेडात रात्र रात्र लावण्या व्हायच्या. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर आले की सवालाला जबाब तिथल्या तिथे रचावा लागे, आणि अडला त्याचा फड हरला. बिदागी मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढचे गाव. अशा कसोटीतून फंदीची जीभ तयार झाली होती. पेशव्यांच्या पुण्यापर्यंत त्याचा लौकिक गेला, आणि होनाजीसारख्या समकालीन शाहिरानेही आपल्या कवनात त्याचा आदराने उल्लेख केला.

अहिल्याबाई होळकरांच्या दानशीलतेची कीर्ती ऐकून फंदी महेश्वरास निघाला, अशी परंपरागत कथा आहे. वाट खानदेशातून सातपुडा ओलांडून जाणारी. तिथे लुटारूंनी फडाला गाठले. फंदीने कवन गायिले, आणि ते ऐकून लुटारूंनी मंडळींना सोडून दिले. खरी कसोटी लागली ती पुढे. ब्राह्मणाने तमाशात नाचावे-गावे हे अहिल्याबाईंना रुचले नाही. ही वाणी हरिकीर्तनाला लावावी, असे त्यांनी त्याला बजावले. फंदीने तिथेच डफ फोडला, असे सांगतात. अहिल्याबाईही मूळच्या त्याच मुलखातल्या, चौंडीच्या. संगमनेर आणि चौंडी ही दोन्ही गावे ज्या अहमदनगर जिल्ह्यात मोडत, त्याला २०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळाले.

ही कथा बहुधा एका वाट चुकलेल्या ब्राह्मणाच्या उद्धाराची म्हणून सांगितली जाते. पण फुटलेल्या डफावर एकट्या फंदीचे पोट नव्हते. मागे तुणतुणे धरणारे होते, झीलकरी होते, नाच्या होता. कीर्तनाच्या चौरंगासमोर उभे राहण्याचा अधिकार फंदीला जन्माने होता. साथीदारांपैकी कितीकांना तो मिळाला असता? त्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे भान कथेला राहिले नाही.

फंदी कीर्तनकार झाला, पण वाट काही सुटली नाही. चावडीपुढची बैठक देवळाच्या सभामंडपात गेली, इतकेच. शाहिराची लय त्याच्या अंगात भिनलेली होती. फटका हा रचनाप्रकार त्याच्या नावाने रूढ झाला, त्याचे मर्म इथेच आहे. उपदेश कीर्तनकाराचा आणि ठेका तमासगिराचा. नुसत्या नीतिपाठाची कवने लोक ऐकतात आणि विसरतात. फंदीचा फटका दोनशे वर्षे तोंडी राहिला, तो त्यातल्या डफाच्या थापेमुळे.

इतिहासाकडेही त्याची पाठ नव्हती. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा पराभव केला, त्या लढाईवर त्याचा पोवाडा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अहिल्याबाई निवर्तल्या आणि ऑक्टोबरमध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात वरून पडून मृत्यू पावले. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या सांगण्यावरून फंदीने ‘माधवनिधन’ हे दीर्घ काव्य लिहिले. ज्या पेशव्याच्या अकाली मृत्यूने बाजीरावाला गादीची वाट मोकळी झाली, त्याच पेशव्यावरचे हे काव्य बाजीरावाने लिहवून घ्यावे, यातली विसंगती फंदीसारख्या चाणाक्ष माणसाच्या नजरेतून सुटली असेल असे वाटत नाही.

पानिपत झाले तेव्हा तो सोळा-सतरा वर्षांचा होता. महादजींनी सावरलेला डाव त्याने पाहिला, खर्ड्याचा जल्लोष गायिला आणि १८१७ साली शनिवारवाड्यावरून भगवे निशाण उतरल्याची वार्ताही ऐकली. दोनच वर्षांनी, १८१९ मध्ये, पंचाहत्तरीच्या घरात असताना त्याचे निधन झाले.

शाहिरांची कवने त्यानंतरही कित्येक वर्षे लोकांच्या तोंडीच राहिली. पोवाड्यांचा पहिला मोठा छापील संग्रह अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली काढला, तोही गावोगावच्या गोंधळ्यांकडून ऐकून, उतरवून घेऊन.