पंडिता रमाबाई : निष्ठेचा एकच मापदंड



पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) हे नाव तुम्हांला स्त्रीशिक्षण आणि विधवांचे पुनर्वसन या संदर्भात परिचित आहे. येथे आपण त्यांच्या जीवनाकडे दोन प्रश्नांच्या अंगाने पाहणार आहोत. लैंगिक निष्ठा ही एकट्या स्त्रीची जबाबदारी आहे काय? आणि त्या निष्ठेपासून ढळलेल्या स्त्रीला परतीची वाट असते काय?

अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या या मुलीला संस्कृतचे शिक्षण मिळू दिले. दुष्काळात आईवडील गेल्यावर ती भावासह देशभर फिरली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिच्या व्यासंगाचा गौरव केला. १८८० मध्ये रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने विवाह केला. दोन वर्षे होण्यापूर्वीच पतीचे पटकीने निधन झाले. तान्ह्या मनोरमेसह वैधव्य आले, तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पण आपली निवड इतरांवर लादलीही नाही. त्यांच्या शारदासदनातील गोदूबाईंचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला, हे तुम्ही लक्षात घ्यावे.

१८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्त्रीधर्मनीति’ या ग्रंथात सदाचाराचा उपदेश आहे. परंतु तो स्त्रियांना उद्देशून आहे. पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील धर्मभगिनींकडे राहिल्या. या भगिनींची लंडनमध्ये फुलहॅम येथे एक संस्था होती. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. त्यांपैकी काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करीत असल्याचे रमाबाईंनी पाहिले. या दयेचे मूळ कशात आहे, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा ऐकवण्यात आली. पाच पती झालेली आणि आता पती नसलेल्या पुरुषाबरोबर राहणारी ही स्त्री विहिरीवर येते. यहुदी ज्या समाजाशी संबंध ठेवीत नसत, त्या समाजातील या स्त्रीकडे ख्रिस्त पाणी मागतो. तिचे जीवन तो झाकत नाही आणि तिला झिडकारतही नाही. विहीर आणि विटाळ यांचा अर्थ जाणणाऱ्या रमाबाईंना ही कथा किती भिडली असेल, याची कल्पना तुम्ही करू शकाल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरीही त्यांनी विचारस्वातंत्र्य सोडले नाही. धर्ममतांविषयी भगिनींशी त्यांचे वाद होत राहिले.

ख्रिस्ती म्हणवणारे इंग्लंडही दुटप्पीपणापासून मुक्त नव्हते. तेथील सांसर्गिक रोगविषयक कायद्यांखाली लष्करी व बंदरी गावांत संशयित स्त्रियांची सक्तीने तपासणी होई. पुरुष मात्र मोकळे राहत. जोसेफिन बटलर यांनी आपल्या श्रद्धेच्याच आधारे याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि १८८६ मध्ये हे कायदे रद्द झाले.

मायदेशी परतल्यावर रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदासदन स्थापन केले. मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून १८९३ मध्ये मोठे वादळ उठले आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार दूर झाले. १८९६-९७ च्या दुष्काळात मुलींवर होणारे अत्याचार त्यांनी स्वतः पाहिले आणि अनेकींना केडगावच्या मुक्तिसदनात आणले. पुढे तेथेच, कुटुंबाने व समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ सुरू झाले. फुलहॅममध्ये पाहिलेले अशा रीतीने महाराष्ट्राच्या मातीत रुजले.

या कार्याची मर्यादाही आपण नोंदवली पाहिजे. कृपासदनाच्या दारात स्त्री येई. तिला फसवणारा पुरुष बाहेरच राही. त्याला जाब विचारण्याचे साधन रमाबाईंच्या हाती नव्हते. तथापि निष्ठा हे व्रत असेल तर ते दोघांचे असावे आणि व्रत मोडलेल्यालाही माणूस म्हणून उभे राहता यावे, हा त्यांच्या जीवनकार्याचा आशय आजही महत्त्वाचा आहे.

स्वयं-अध्ययन : तुमच्या परिसरात विवाहबाह्य संबंध उघड झाल्यावर स्त्री व पुरुष यांना वेगळा न्याय लावला जातो काय? रमाबाईंच्या चरित्राच्या आधारे दहा ओळींत विवेचन करा.