पंडित भगवानलाल इंद्रजी

कोकणातून घाटमाथ्यावर येणाऱ्या प्राचीन वाटांमध्ये नाणेघाटाची वाट फार प्रसिद्ध आहे. सोपारा व कल्याण येथील बंदरांत उतरलेला माल जनावरांच्या पाठीवर लादून व्यापारी हा घाट चढत आणि जुन्नरच्या पेठेत येत. घाटाच्या माथ्याशी कातळात कोरलेले एक लेणे आहे. त्याच्या भिंतींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक मोठा लेख आहे. सातवाहन घराण्यातील राणी नागनिका हिचे नाव या लेखाशी जोडलेले आहे. राजघराण्याने कोणते यज्ञ केले आणि त्या यज्ञांत किती गाई, किती घोडे व किती कार्षापण नाणी दान दिली, याची हकीकत त्यात आहे. ही दाने अंकांत लिहिलेली आहेत. परंतु काळाच्या ओघात लोक ती लिपी विसरले आणि ते अंकही विसरले. राणीचा हिशेब भिंतीवर तसाच राहिला; तो वाचणारा मात्र कोणी उरला नाही. त्या विस्मृत अंकांना पुन्हा बोलते करणाऱ्यांमध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे नाव अग्रभागी आहे.

भगवानलालांचा जन्म १८३९ साली सौराष्ट्रातील जुनागढ येथे झाला. घराण्यात संस्कृत विद्येची व वैद्यकाची परंपरा होती. इंग्रजी शिक्षण त्यांना फारसे मिळाले नाही. परंतु जुनागढजवळ गिरनारच्या वाटेवर एक प्रचंड शिळा आहे. सम्राट अशोक, महाक्षत्रप रुद्रदामन आणि सम्राट स्कंदगुप्त या तिघांचे लेख या एकाच शिळेवर कोरलेले आहेत. येणारे-जाणारे तिच्याकडे कुतूहलाने पाहत व पुढे जात. हा मुलगा मात्र तेथे थांबला. या अक्षरांत काय लिहिले असेल, हा प्रश्न त्याला स्वस्थ बसू देईना.

अशोकाच्या काळातील ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप या विद्वानाने १८३७ च्या सुमारास केला होता. त्याने तयार केलेला अक्षरांचा तक्ता भगवानलालांच्या हाती आला. तक्ता समोर ठेवून ते एकेक अक्षर शिळेवर शोधू लागले. शिकविणारा गुरू जवळ नव्हता. शिळा हेच पुस्तक आणि चिकाटी हाच गुरू. अशा रीतीने तरुण वयातच ते प्राचीन लेख वाचू लागले.

मुंबईत त्या काळी डॉ. भाऊ दाजी लाड हे विख्यात वैद्य व संशोधक होते. या जुनागढच्या तरुणाची कीर्ती त्यांच्या कानी गेली व त्यांनी त्याला मुंबईस बोलावून घेतले. गुणी माणसाला पारखी भेटला. पुढे अनेक वर्षे भगवानलालांनी भाऊ दाजींसाठी भारतभर प्रवास केला. अजिंठ्याच्या लेण्यांपासून नेपाळच्या मंदिरांपर्यंत जेथे जेथे जुना लेख असल्याचे कळे, तेथे ते जात. दगडावरील प्रत्येक रेषा डोळ्यांखालून घालून ते तिची नक्कल करीत. अक्षर झिजलेले असेल, तर पुन्हा पुन्हा पाहत. जे दिसत नाही ते कल्पनेने भरावयाचे नाही, अशी शिस्त या कामाला लागते, आणि ती त्यांच्या अंगी पूर्णपणे बाणली होती.

१८७४ साली भाऊ दाजींचे निधन झाले. भगवानलालांचा आधार तुटला. आजवर त्यांनी जे मिळविले, ते भाऊ दाजींच्या लेखनासाठी मिळविले होते. स्वतःच्या नावाने लिहावे, तर विद्वानांची भाषा इंग्रजी आणि ती त्यांना नीट अवगत नव्हती. अशा वेळी एखादा खचून गेला असता. भगवानलालांनी आपले निबंध गुजरातीत लिहिण्यास आरंभ केला. डॉ. ब्यूलर यांच्यासारख्या विद्वानांनी त्यांची इंग्रजी भाषांतरे केली. ज्ञान खरे असेल, तर ते भाषेच्या अडसराने अडून राहत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

याच काळात नाणेघाटातील अंकांवरील त्यांचा निबंध १८७६ साली मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अक्षरे वाचता आली, म्हणजे अंकही वाचता येतात असे नाही. अक्षराची चूक पुढच्या-मागच्या शब्दांवरून ध्यानात येते. अंकाचे तसे नसते. गाई दहा दिल्या की शंभर दिल्या, हे वाक्यावरून कसे कळावे?

या कामी नाशिकच्या लेण्यांची मदत झाली. तेथील काही लेखांत संख्या आधी शब्दांत लिहिली आहे आणि लगेच पुढे अंकांत दिली आहे. शब्दांत तीन हजार असे वाचले, की पुढचे चिन्ह तीन हजारांचे असले पाहिजे, हे उघड होते. भाऊ दाजी व इतर अभ्यासकांनी या मार्गाने काही चिन्हे ओळखली होती. भगवानलालांनी तोच धागा पुढे नेला व नाणेघाटातील चिन्हांची किंमत पद्धतशीरपणे मांडली.

ते अंक आपल्या अंकांप्रमाणे नव्हते. आपण नऊ अंक आणि शून्य एवढ्यांवर सर्व संख्या लिहितो. नाणेघाटात दहासाठी निराळे चिन्ह आहे, वीससाठी निराळे, शंभरासाठी निराळे आणि हजारासाठी निराळे. शंभराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले, की चारशे होतात. हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडले, की चार हजार. विसाचे जोडले, की वीस हजार. लेखात २४,४०० कार्षापणांचे दान आहे. ते लिहिण्यास वीस हजार, चार हजार व चारशे अशी तीन जोडचिन्हे पुरली. ६,००१ लिहिण्यास सहा हजारांचे चिन्ह आणि एकाची आडवी रेघ एवढे पुरेसे झाले. आपल्याला मात्र तेथे मध्ये दोन शून्ये लिहावी लागतात. ती गाळली, तर ६,००१ चे ६१ होतील. जुन्या पद्धतीत शून्याची गरजच नव्हती. कारण अंकाची किंमत त्याच्या जागेवर अवलंबून नव्हती. स्थानावरून किंमत ठरविण्याची थोर कल्पना भारतात पुढच्या काळात रुजली.

संख्या एकच असते. ती लिहिण्याच्या पद्धती अनेक असतात. भगवानलालांनी केले ते एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत रूपांतर होय. आजही असे रूपांतर करावे लागते. संगणक केवळ ० आणि १ या दोन अंकांवर चालतो. या पद्धतीला द्विमान पद्धती म्हणतात. नाणेघाटातील १७ ही संख्या घेऊ. तिला २ ने भागत जावे व प्रत्येक वेळी उरलेली बाकी मांडून ठेवावी. १७ ला भागल्यास भागाकार ८ व बाकी १. मग ४ व बाकी ०. २ व बाकी ०. १ व बाकी ०. शेवटी भागाकार ० व बाकी १. या बाक्या शेवटून वाचल्या, की १०००१ अशी संख्या मिळते. उलट जाताना उजवीकडून १, २, ४, ८, १६ अशा किमती द्याव्यात. जेथे १ आहे तेथील किमती मिळवाव्यात. १६ आणि १ मिळून पुन्हा १७ येतात.

द्विमान संख्या फार लांब होतात, म्हणून षोडशमान पद्धती वापरतात. तीत सोळा चिन्हे लागतात. ० ते ९ झाल्यावर १० ते १५ यांसाठी ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे घेतात. राणीच्या लेखातील २४,४०० ला १६ ने भागत गेल्यास बाक्या अनुक्रमे ०, ५, १५ व ५ येतात. १५ म्हणजे एफ. शेवटून वाचले, की ५एफ५० ही संख्या मिळते. तिचे द्विमान रूप हवे असल्यास प्रत्येक चिन्हासाठी चार द्विमान अंक लिहावेत: ०१०१, ११११, ०१०१, ००००. राणीने दिलेली नाणी तेवढीच राहिली. त्यांचा वेश तेवढा बदलला. वेश कोणताही असो, प्रत्येक चिन्हाची किंमत नेमकी ठाऊक असली पाहिजे. एका चिन्हाची किंमत चुकली, तर सारा हिशेब चुकतो. म्हणूनच भगवानलालांनी एकेका चिन्हासाठी एवढे श्रम घेतले.

हे अंक मुळात अक्षरांपासून निघाले असावेत, असेही मत त्यांनी मांडले. ते पुढील विद्वानांनी सर्वस्वी मान्य केले नाही. परंतु त्यांनी ठरविलेल्या किमतींनी नंतरच्या अभ्यासाला पाया मिळाला.

१८८२ साली त्यांनी सोपाऱ्यास प्राचीन स्तूपाचे उत्खनन केले. त्यात एक दगडी पेटी व बुद्धांच्या लहान मूर्ती सापडल्या. त्याच गावी सम्राट अशोकाच्या आज्ञालेखाचा एक तुकडाही त्यांना मिळाला. ज्या बंदराचा माल नाणेघाटाने वर येई, त्या बंदराचे प्राचीनत्व अशा रीतीने सिद्ध झाले. हॉलंडमधील लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. गिरनारच्या शिळेजवळ एकट्याने शिकू लागलेल्या मुलाचा हा केवढा गौरव!

१८८८ साली मुंबई येथे भगवानलालांचे देहावसान झाले. आयुष्यभर जमविलेल्या वस्तू त्यांनी कोणाला विकल्या नाहीत. प्राचीन नाणी व शिलालेख ब्रिटिश संग्रहालयास द्यावेत आणि हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत भाऊ दाजींच्या संग्रहाजवळ ठेवावीत, अशी व्यवस्था त्यांनी केली. ज्याने आपल्याला हाताशी धरले, त्याच्या शेजारी आपली विद्या ठेवावी, एवढीच त्यांची इच्छा होती.

नाणेघाटातील तो लेख आता पुष्कळ झिजला आहे. तरी राणीने दिलेल्या गाई आणि नाणी आज आपण मोजू शकतो. एका विद्याव्यासंगी पुरुषाने थकवा न मानता दगडावरील एकेक रेघ निरखून पाहिली, त्याचे हे फळ आहे.