धोत्र्याचा वैद्य : हानाओका सेइशू

गणपतीला वाहायच्या एकवीस पत्रींमध्ये धोत्र्याचे पान असते. शंकराच्या पिंडीवर धोत्र्याचे फूल वाहतात, फळही ठेवतात. एरवी मात्र हे झाड उकिरड्याच्या कडेला वाढते आणि घरातली वडील मंडळी मुलांना त्याच्या आसपास फिरकू देत नाहीत, कारण ते विषारी आहे. याच धोत्र्यापासून दोनशे वर्षांहून अधिक काळापूर्वी जपानच्या एका खेड्यातल्या वैद्याने भुलीचे औषध तयार केले आणि स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली. संपूर्ण भूल देऊन केलेली आणि विश्वसनीय लेखी नोंद असलेली ही जगातली पहिली शस्त्रक्रिया मानली जाते. या वैद्याचे नाव हानाओका सेइशू. त्यांची ओळख यंदाच्या स्मरणिकेत करून द्यावी असे आम्हाला वाटले. ती करून देताना त्यांच्या घरातल्या दोन स्त्रियांना मागे ठेवून चालणार नाही.

हानाओकांचा जन्म 23 ऑक्टोबर 1760 रोजी की प्रांतातल्या हिरायामा गावी झाला. आज हा भाग वाकायामा जिल्ह्यातल्या किनोकावा शहरात येतो. वडील नाओमिची वैद्यकी करीत. घरी पैशाची सुबत्ता नव्हती, पण विद्या होती. त्या काळी जपानने परदेशांशी व्यवहार जवळजवळ बंद ठेवले होते. युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्या बेटावर राहण्याची मुभा होती. जहाजांतून मालाबरोबर थोडे पाश्चात्त्य वैद्यकही येई. डच भाषेतल्या शरीररचनेच्या ग्रंथाचे जपानी भाषांतर 1774 मध्ये छापले गेले, तेव्हा सेइशू कुमारवयात होते.

1782 मध्ये ते शिकायला क्योतोला गेले. तिथे त्यांनी दोन प्रकारच्या गुरूंकडे विद्या घेतली. योशिमासु नांगाई यांच्याकडे ते पारंपरिक काढे-चूर्णांचे वैद्यक शिकले आणि यामातो केन्र्यू यांच्याकडे डच वळणाची शल्यविद्या. ही दोन्ही शास्त्रे एकाच वैद्याच्या हातात असावीत, हा विचार त्यांनी पुढे जन्मभर धरला. 1785 मध्ये ते गावी परतले आणि वडिलांच्या जागी रोगी पाहू लागले.

रोग्यांमध्ये स्तनात गाठ घेऊन येणाऱ्या बायका असत. गाठ दगडासारखी कठीण लागे, म्हणून जपानीत या रोगाचे नावच खडकावरून पडले होते. त्यावर लेप आणि काढे यांपलीकडे उपाय नव्हता. स्तन हे स्त्रीच्या जीवाचे ठाणे आहे, त्याला सुरी लावली तर ती जगणार नाही, अशी समजूत वैद्यांमध्येही पक्की होती. युरोपात अशी गाठ कापून काढतात, हे नागातोमी दोकुशोआन या वैद्यांनी लिहून ठेवले होते. ते हानाओकांच्या वाचनात आले होते. कापता येईल याची त्यांना खात्री होती. प्रश्न वेदनेचा होता. शुद्धीवर असलेल्या माणसाला बांधून किंवा धरून ठेवून कापायचे, तर हात सावकाश आणि नीट चालणार कसा?

चीनमध्ये हुआ तुओ नावाचे प्राचीन वैद्य रोग्याला औषध पाजून बेशुद्ध करीत आणि मग शस्त्र चालवीत, अशी कथा हानाओकांना ठाऊक होती. त्या औषधाची कृती मात्र कोणाकडेच उरली नव्हती. हाडे बसवणारे जपानी वैद्य वेदना कमी करायला काही वनस्पती वापरीत. हानाओका तेवढा धागा धरून कामाला लागले. मुख्य वनस्पती धोत्रा. जपानीत त्याला मांदारागे म्हणतात. हा शब्द मूळचा आपल्याकडचाच. संस्कृतातले मांदारव हे स्वर्गीय फुलाचे नाव बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे तिथे पोचले आणि धोत्र्याला चिकटले. धोत्र्याच्या जोडीला बचनागाच्या जातीची मुळी आणि आणखी चार वनस्पती होत्या. धोत्र्याचे आठ भाग, तर बाकीच्या प्रत्येकीचे त्याहून बरेच कमी, असे प्रमाण सांगितले जाते. त्याचा काढा रोग्याला पाजायचा. दोन ते चार तासांत रोगी बेशुद्ध होई आणि ती अवस्था सहा तासांपासून कधी दिवसभरही टिके. या औषधाला त्यांनी त्सूसेनसान हे नाव दिले.

सहा वनस्पतींचा काढा हे वाचायला सोपे वाटते. पण धोत्रा आणि बचनाग दोन्ही जीव घेऊ शकतात. मात्रा थोडी कमी पडली तर माणूस अर्ध्यावर जागा होणार, थोडी वाढली तर कायमचा झोपणार. योग्य मात्रा सापडायला सुमारे वीस वर्षे गेली. आधी प्रयोग प्राण्यांवर झाले. पण जनावराला चालली ती मात्रा माणसाला चालेल का, हे माणसाला दिल्याशिवाय कळणार नव्हते. तेव्हा सेइशूंच्या आई ओत्सुगी आणि पत्नी काए पुढे झाल्या. दोघींनी तो काढा एकदा नव्हे, अनेकदा घेतला. या प्रयोगांपायी आई दगावल्या आणि काएंची दृष्टी गेली, असे जपानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते.

या दोघींवर सावाको आरियोशी या वाकायामाच्याच लेखिकेने 1966 मध्ये कादंबरी लिहिली. ती जपानभर वाचली गेली आणि पुढच्याच वर्षी तिच्यावर चित्रपटही निघाला. त्या कादंबरीत सासू आणि सून एकाच पुरुषाच्या कर्तृत्वात आपला वाटा मिळावा म्हणून मरणाशी चढाओढ करतात. ती चढाओढ लेखिकेची कल्पना आहे. पण वाचकाला ती खरी वाटते, कारण अशी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. घरातल्या पुरुषाचे नाव व्हावे म्हणून स्वयंपाकघरात कोणी किती सोसले याचा हिशोब कुठल्याच वहीत नसतो. त्या काळच्या सुनेला किंवा विधवा आईला नाही म्हणण्याची मोकळीक किती होती, हा प्रश्नही आम्हाला टाळता येत नाही. आज कोणत्याही देशात डॉक्टरला असा प्रयोग करता येणार नाही. नवे औषध माणसाला देण्याआधी तटस्थ समितीची परवानगी लागते आणि घेणाऱ्याची समजून-उमजून दिलेली लेखी संमती लागते. घरच्या माणसाच्या प्रेमाला संमती म्हणता येत नाही, हे जगाला उशिरा कळले.

13 ऑक्टोबर 1804 हा तो दिवस. रोगी होत्या यामातो प्रांतातल्या गोजो गावच्या कान आइया, वय 60. डाव्या स्तनात गाठ होती. त्यांच्या बहिणी याच रोगाने गेल्या होत्या, त्यामुळे पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यांना दमा होता आणि बेरीबेरीही होती. हानाओकांनी घाई केली नाही. आधी त्या आजारांवर उपचार करून प्रकृती सुधारू दिली आणि मगच शस्त्रक्रियेचा दिवस ठरवला. काढा पाजला, आइया बेशुद्ध झाल्या आणि हानाओकांनी चीर देऊन गाठ काढली. काही तासांनी त्या शुद्धीवर आल्या. जखम भरली आणि त्या आपल्या गावी परत गेल्या.

हे किती मोठे होते, ते समजायला सात वर्षे पुढे जाऊन पॅरिस पाहावे. 30 सप्टेंबर 1811 रोजी इंग्रज कादंबरीकार फॅनी बर्नी यांचा स्तन तिथे काढण्यात आला. शस्त्रक्रिया करणाऱ्यांत नेपोलियनच्या सैन्याचे नामांकित शल्यवैद्य लॅरे होते. दारूच्या घोटापलीकडे वेदनेवर काहीही दिलेले नव्हते. बर्नी शुद्धीवर होत्या आणि त्यांनी तो सारा प्रसंग नंतर बहिणीला पत्रातून कळवला. बॉस्टनमध्ये ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते 1846 मध्ये, म्हणजे आइयांच्या शस्त्रक्रियेनंतर 42 वर्षांनी.

पण आइयांची कथा इथे संपत नाही. 26 फेब्रुवारी 1805 रोजी, शस्त्रक्रियेनंतर साडेचार महिन्यांनी, त्यांचे निधन झाले. बरीच वर्षे ही शस्त्रक्रिया 1805 मध्ये झाली असे समजले जात होते. जपानी संशोधकांनी देवळातल्या मृत्यूच्या नोंदी शोधल्या, तेव्हा त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आइया हयातच नव्हत्या हे उघड झाले आणि तारीख एक वर्ष मागे गेली. भूल यशस्वी झाली, हातही चुकला नाही, तरी बाई वाचली नाही. गाठ हाताला लागेपर्यंत आणि रोगी वैद्यापर्यंत पोचेपर्यंत रोग अनेकदा पुढे गेलेला असतो, तिथे सुरीचे काही चालत नाही.

हानाओका थांबले नाहीत. मृत्यूपूर्वी त्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या दीडशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या आणि रोग्यांची नावे-गावे लिहून ठेवली. त्या नोंदी होत्या म्हणूनच पुढच्या संशोधकांना यांपैकी कोण किती जगले याचा माग काढता आला. मूतखडे काढणे, हातपाय कापावे लागणे, अशा कामांतही ते हीच भूल वापरीत. हिरायामातले त्यांचे घर म्हणजे शुन्‍रिन्‍केन, एकाच वेळी दवाखाना, रुग्णालय आणि गुरुकुल होते. जपानच्या कानाकोपऱ्यांतून हजाराहून अधिक शिष्य तिथे आले. प्रांताच्या सरदाराने त्यांना आपल्या पदरी घेतले, तरी ते गावातल्या रोग्यांना सोडून वाड्यावर कायमचे राहायला गेले नाहीत.

एक गोष्ट मात्र खटकते. औषधाची कृती बाहेर सांगणार नाही, अशी शपथ प्रत्येक शिष्याकडून घेतली जाई. हानाओकांनी स्वतः एकही ग्रंथ छापला नाही. जे उरले ते शिष्यांनी उतरवलेल्या वह्यांत आणि रोग्यांच्या रंगीत चित्रांत. इतके जहाल औषध अर्धवट शिकलेल्याच्या हाती जाऊ नये, ही भीती रास्त होती. पण देशाची दारे बंद आणि गुरूचे तोंडही बंद, यामुळे पॅरिसमधल्या बाईला या झोपेची वार्ताही लागली नाही. 1835 मध्ये हानाओका वारले. आज त्यांचे घर जतन करून लोकांसाठी खुले केले आहे आणि जपानमधल्या भूलतज्ज्ञांच्या संस्थेच्या चिन्हात धोत्र्याचे फूल आहे.

पुढे ईथर आले, जंतूंचे ज्ञान आले आणि शस्त्रक्रिया मोठ्या होत गेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या हॉल्स्टेड यांनी स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठीही काढण्याची पद्धत रुजवली. ती सत्तर-ऐंशी वर्षे चालली. नंतर बर्नार्ड फिशर यांच्या चाचण्यांनी दाखवले, की रोग लवकर सापडला तर फक्त गाठ काढून आणि किरणोपचार देऊन स्त्रिया तितक्याच जगतात.

आता भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग हाच आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 पासून वीस वर्षे दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या गटात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तनतपासणी केली. 2021 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या टप्प्यावर सापडला आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही, शिकलेले हात लागले.

आपल्या घरांतल्या आई, मावश्या, वहिनी सणाच्या धावपळीत स्वतःचे दुखणे मागे टाकतात. गाठ दुखत नसते, म्हणून ती सांगितली जात नाही. सांगायला लाज वाटते, घरच्यांना खर्चात कशाला पाडायचे असेही वाटते. आइयांना पर्याय नव्हता, काए आणि ओत्सुगींना तर विचारलेही गेले असेल की नाही कोण जाणे. आपल्याला पर्याय आहे. यंदा पत्री निवडताना धोत्र्याचे पान हाताला लागेल. ते देवाला वाहावे, पोटात मात्र कोणत्याही कारणाने घेऊ नये. आणि घरातल्या बायकांपैकी कोणी गाठीबद्दल चाचरत बोलली, तर विसर्जनाची वाट न पाहता तिला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन जावे.