यंत्र समजावून देणारा माणूस

गेल्या वैशाखात विश्रामबागेतल्या आमच्या घरचा ए.सी. बंद पडला. आलेल्या कारागिराने झाकणही न उघडता गॅस संपल्याचे जाहीर केले. तारणाशिवाय कुणाला कर्ज न देणारा मी निवृत्त बँक अधिकारी. पण उकाड्यापुढे निमूटपणे पैसे मोजले. चार दिवसांत पुन्हा गरम वारा! त्या रात्री गच्चीवर तळमळताना आमच्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचे लक्ष्मणराव आठवले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण रंगांमधला फरक डोळ्यांना नीट कळत नाही, हे ध्यानात आले. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांची रेखाचित्रे धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत ते शिक्षक झाले. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान निघाले. मुंबईहून लक्ष्मणराव सायकली पाठवीत, थोरले बंधू रामूअण्णा त्या विकीत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. नोकरीत बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणराव कायमचे बेळगावी परतले.

मग कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. दोन वर्षे नांगराला गिऱ्हाईक मिळेना. लक्ष्मणराव शेतकऱ्याला अडाणी म्हणून मोकळे झाले नाहीत. कळत नाही त्या वस्तूवर माणूस विश्वास ठेवील कसा?

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्यांनाही त्यांनी कामावर घेतले, वसाहतीत अस्पृश्यतेला थारा दिला नाही. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर घडवले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले.

आमच्याकडे नंतर आलेला दुसरा कारागीर तरुण होता. त्याने आधी जाळी धुतली, मग नळीच्या सांध्यावर साबणाचा फेस लावला. फेसात बुडबुडे आले. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळती असते. ती न बुजवता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे, हे त्याने मला दाखवून दिले. कामाआधी खर्च सांगितला, कामानंतर पावती दिली.

तेव्हापासून मी नेम केला आहे. साफसफाई फाल्गुनातच, गर्दीच्या आधी. गॅस भरण्यापूर्वी गळती दाखवायला सांगायची, बदललेला भाग परत मागायचा. स्वस्त कोण, हे नंतर. आधी समजावून कोण देतो, ते पाहायचे. बेळगावच्या त्या दुकानात सायकलीबरोबर तेच मिळत होते.